घागरीचा संदर्भ

डॉ. विलासराव जगदाळे यांचं बोलणं विद्यापीठाने बंद पाडलं, आणि ते मी पाडायला लावलं.

असं काहीही घडलेलं नाही. विद्यापीठाने तसं पत्रकच काढलंय. जगदाळे सर स्वेच्छेने कमी बोलतात, त्यांच्या कॉलरवरचा बिल्ला शोभेचा आहे आणि सौ. जगदाळे माहेरी गेल्यात त्या हवापालटासाठी. मी माणगंगा विद्यापीठाची संशोधक विद्यार्थिनी आहे आणि माझा प्रबंध अजून विद्यापीठाच्याच कपाटात आहे, त्यामुळे पत्रकात जे मत आहे तेच माझं मत आहे. खाली जे लिहिलंय ते न घडलेलं आहे असं समजून वाचावं.

माझं नाव उर्वी विरकर. समूहशास्त्र विभागात मी रांगेवर संशोधन करते. हे सांगितल्यावर लोक हसतात, मग पुढच्या चौकात कुठेतरी रांगेत उभे राहतात आणि एकमेकांना ढकलतात. माझा विषय तिथून सुरू होतो.

आमच्या गावात टँकर येतो तेव्हा रांगेत माणसं नसतात, घागरी असतात. हंडे, घागरी, कळश्या, एखादा रंगाचा डबा. माणसं लिंबाच्या सावलीत बसून एकमेकांच्या सुनांविषयी बोलतात. लहानपणापासून बघितलेली ही गोष्ट मला एम.ए.ला असताना अचानक विचित्र वाटली. शहरातल्या रांगेत दर पाच मिनिटांनी भांडण होतं, आमच्याकडे होत नाही. मग मी सगळीकडच्या रांगा मोजत सुटले. दवाखान्याबाहेर चपलांची रांग, गॅसच्या गोदामाबाहेर विटांची, रेशनच्या दुकानासमोर पिशव्यांची. निष्कर्ष असा निघाला की रांगेत शंभरातले सदतीस नंबर माणसांऐवजी वस्तूंनी धरले, की ती रांग शांत राहते. तिथे धक्काबुक्की होत नाही, चेंगराचेंगरी तर नाहीच. या आकड्याला मी 'घागर-गुणांक' नाव दिलं. मोठ्या यात्रांमध्ये हे वापरलं तर माणसं मरणार नाहीत, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. थोडं वेगळं वाटतं, ते पुढे येईल.

प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात पहिलाच संदर्भ होता: 'विरकर, हौसाबाई (तोंडी), टँकरची वाट पाहताना.' ही माझी आई. रांगेत घागरच का ठेवायची, असं मी विचारल्यावर ती म्हणाली होती, "घागर भांडत न्हाई म्हणून." सगळं काम त्या वाक्यावरून सुरू झालं, म्हणून मी ते तिच्या नावाने लिहिलं. माझे मार्गदर्शक जगदाळे सर यांनी त्यावर लाल रेघ मारली.

"आई हा संदर्भ नसतो, उर्वी. संदर्भ छापील असतो."

"पण सर, वाक्य तिचं आहे."

"मग तिला छापायला सांग."

पुढच्या वर्षी सरांचं पुस्तक आलं. 'रांग: एक जागतिक चिंतन'. त्यात अकरा देशांतल्या रांगा होत्या, आणि घागर-गुणांकाचं नाव 'जडत्व-गुणांक' झालं होतं. सरांनी माझ्या मसुद्यातले तक्ते वाचले होते, घागरींचं प्रकरण वाचलं नव्हतं. त्यामुळे 'रांगेतील निर्जीव घटक' म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या मनाने ठरवलं. जगातल्या कुठल्याही गर्दीत सदतीस टक्के माणसं मनाने मेलेली असतात, असा तो सिद्धांत होता. लोकांना तो फार पटला. प्रत्येकाला आपण उरलेल्या त्रेसष्टांत आहोत असं वाटलं. पुस्तकाला पुरस्कार मिळाला.

मग माझा प्रबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि तो जवळजवळ सगळा सरांच्या पुस्तकातून चोरलेला निघाला. सॉफ्टवेअरला कोणाचं आधी छापलं गेलं एवढंच कळतं. प्रबंध परत आला. सोबत वाङ्मयचौर्याची नोटीस होती.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहाही मागवला.

"उर्वी, बेटा, प्रेरणा घ्यावी. पण एवढी?"

"सर, ते माझंच आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं गं. चांगलं पुस्तक वाचलं की वाटतं, अरे, हे तर माझ्याच मनातलं. तो लेखकाचा विजय असतो."

निघताना त्यांनी मला पुस्तकाची प्रत दिली. आत लिहिलं होतं: 'होतकरू विद्यार्थिनीस, सप्रेम.' मी जिन्यात उभी राहून ते वाचलं आणि ठरवलं, पदवी मिळो न मिळो, या माणसाला संदर्भ द्यायला मी शिकवणार. प्रत्येक वाक्याला.

त्याच सुमारास विद्यापीठात 'उगम' आलं.

उगमचं विज्ञान जुनं आहे. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत तेव्हा लेखनिक चुका करायचे. एखादी ओळ गाळली, एखादा शब्द दोनदा लिहिला. ती पोथी बघून जो पुढची उतरवी, तो त्या चुकाही उतरवी आणि आपल्या दोन घाली. त्यामुळे शे-दोनशे वर्षांनी पोथ्या समोर ठेवल्या की चुकांवरून कळायचं, कुठली पोथी कुणाची मुलगी आणि कुठली कुणाची नात. विषाणूंची साथ कुठून सुरू झाली हेही असंच शोधतात, त्यांच्या नकलेतल्या चुका बघून. उगमने हीच रीत विचारांना लावली. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाताना विचार थोडा बिघडतो. कोणाच्या तोंडी तो किती आणि कसा बिघडला हे मोजलं, की त्याचा वंशवृक्ष मांडता येतो. शब्द सगळे बदलले तरी फरक पडत नाही, कारण उगम सारखेपणा शोधतच नाही. ते वारशाने आलेले दोष शोधतं.

त्यासाठी लोकांची बोलणी साठवलेली लागतात. ती होतीच. मूल्यांकनाचे गुण वाढतात म्हणून विद्यापीठाने वर्ग, व्हरांडे आणि कॅन्टीनमध्ये मायक्रोफोन बसवले होते, आणि बाहेरचं आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये 'मान्य आहे' दाबून देऊन टाकलेलं होतं.

उगम चालवायला बसायचा इरफान मुलाणी. तो माझा कोण, हे आम्ही दोघांनी अजून कुठे लिहून दिलं नव्हतं, पण डबा आम्ही एकच खायचो. त्याने माझे रांगांचे सगळे व्हिडिओ, माझा मसुदा आणि सरांचं पुस्तक उगममध्ये घातलं आणि थोड्या वेळाने स्वतःशीच हसायला लागला.

"उर्वे, तू मोजताना चुकलीयेस."

"कुठे?"

"तुमच्याच गावात. हा निळा ड्रम बघ. आधी इथं आहे, नंतर पुढं आहे. कोणाचा आहे?"

तो सरपंचांच्या मेहुण्याचा ड्रम होता. बायका बोलण्यात रंगल्या आणि रांगेकडे कोणाचं लक्ष नसलं की तो चार घागरी पुढे सरकायचा. मी त्याला दोनदा मोजलं होतं. खरा आकडा छत्तीस होता. सदतीस ही माझी चूक होती, अख्ख्या जगात फक्त माझी.

"आता सरांचं पुस्तक," इरफान म्हणाला. "ब्राझील सदतीस. इजिप्त सदतीस. जपान सदतीस. मेहुण्याचा ड्रम जपानला जाऊन आलाय."

मला खूप वेळ हसू आवरलं नाही. मग आवरलं.

"अर्ज टाक," तो म्हणाला. "चौकशी होईल, नोटीस मागं घेतील, प्रबंध परत तपासायला जाईल. सुटलीस."

"आणि सर?"

"त्यांना समज देतील."

"मला समज नकोय. नियमात अजून काय आहे?"

त्याला माहीत होतं आणि त्याला ते सांगायचं नव्हतं, हे त्याच्या चष्मा पुसण्यावरून कळत होतं.

नियमात 'संपूर्ण निर्देश' नावाचं एक कलम होतं. दोषीच्या गळ्याजवळ एक बोलका बिल्ला लावायचा. तो उगमला जोडलेला असणार आणि दोषी जे काही बोलेल, लिहील किंवा खुणेने सांगेल त्या प्रत्येक गोष्टीचं मूळ मोठ्याने सांगणार. मुदत: दोषी सुधारेपर्यंत. इतका चमत्कारिक नियम कोणी लिहिला म्हणून इरफानने तोच उगममध्ये घालून बघितला होता. विद्यापीठाची शैक्षणिक सचोटीची नियमावली ही जनावरांच्या कानांत बिल्ले मारण्याच्या नियमावलीवरून उतरवलेली निघाली. 'जनावर' शब्द सगळीकडे बदलला होता, एका ठिकाणी राहून गेला होता.

कुलसचिव पाटणकर मॅडमनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"हे कलम आजवर कोणी मागितलेलं नाही."

"नियमात आहे, मॅडम."

"नियमात बरंच असतं गं. माणूस साठीला आलाय."

"मग नाकारा. कारण लिहून द्या."

त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. नव्या नियमानुसार नाकारण्याचं कारण स्वतःचं असावं लागायचं, दुसऱ्या फायलीतून उतरवून चालायचं नाही. त्यांनी मंजुरीवर सही केली. ते सोपं होतं.

सरांच्या पहिल्या तासाला मी पहिल्या बाकावर बसले. सर आले. कॉलरवर बटणाएवढा बिल्ला होता.

"नमस्कार. आज आपण एका महत्त्वाच्या विषयाकडे वळू."

बिल्ल्यातून स्टेशनवरच्या सूचनेसारखा बाईचा आवाज आला. "मूळ: वक्ता स्वतः, मागील वर्षी. त्यापूर्वी: वक्त्याचे सर."

वर्गात खसखस पिकली.

"शांत बसा."

"मूळ: वक्त्याच्या प्राथमिक शाळेतील गुरुजी. नाव उपलब्ध नाही."

"हे कोणीतरी बंद करा."

"मूळ: सर्वसामान्य."

सरांनी घसा खाकरला. बिल्ला क्षणभर विचारात पडला आणि त्याने ते सोडून दिलं. मग सर फळ्याकडे वळून म्हणाले, "रांग म्हणजे मुळात..."

"मूळ: उर्वी विरकर. पहिला बाक."

एवढं सुख मला आजवर कशाने झालं नव्हतं. मी वही उघडून तारीख घातली आणि काहीही लिहिलं नाही.

मग बातम्या येत राहिल्या. एका सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा सर म्हणाले, "फार मोठी पोकळी निर्माण झाली." बिल्ला म्हणाला, "मूळ: मागील सर्व अंत्यविधी." विद्वत् परिषदेत ते म्हणाले, "मला जरा वेगळा मुद्दा मांडायचाय." बिल्ला म्हणाला, "मूळ: आत्ताच बोललेले गृहस्थ." लग्नाच्या वाढदिवशी त्यांनी बायकोला सांगितलं की तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही. बिल्ला म्हणाला, "मूळ: शुभेच्छापत्र. यापूर्वी अन्य दोन व्यक्तींना उद्देशून." हे मला त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, संदर्भासह. बाई दुसऱ्या दिवशी हवापालटाला गेल्या.

सर हळूहळू गप्प झाले. आधी वर्गात, मग स्टाफरूममध्ये, मग चहावाल्यापुढेही. नुसतं एक बोट दाखवायचे. चिठ्ठी लिहिली तर बिल्ला तीही वाचायचा. मी व्हरांड्यात मुद्दाम समोरून जायचे आणि म्हणायचे, "नमस्कार सर, काय म्हणताय?" ते काहीच म्हणायचे नाहीत. माझा दिवस चांगला जायचा.

इरफानचा जात नव्हता. एकदा कॅन्टीनमध्ये त्याने डबा उघडला नाही.

"एक दाखवू? चिडू नकोस."

"चिडण्यासारखं असेल तर चिडेन."

त्याने फोन पुढे केला. माझं गेल्या काही आठवड्यांचं बोलणं त्याने उगममध्ये घातलं होतं. निम्म्याहून जास्त वाक्यांपुढे एकच नाव होतं. जगदाळे.

"चुकलंय हे."

"परवा ती पहिल्या वर्षाची पूर्वा तुला निबंध दाखवायला आली होती. तू काय म्हणालीस?"

मी म्हणाले होते, बेटा, प्रेरणा घ्यावी, पण एवढी?

"ती टिंगल होती, इरफ्या. सरांची टिंगल."

"तिला कुठं माहीत होतं? ती रडत गेली." त्याने फोन परत घेतला. "टिंगल करताना पण वाक्य त्यांचंच बोलतेस ना. जेवताना त्यांचं, चालताना त्यांचं. आपण दोघं बसलो की टेबलावर तिसरा बसलेलाच असतो. तो उठेल तेव्हा मला फोन कर."

तो डबा घेऊन गेला. डबा त्याचा होता, त्यामुळे मला तो अडवता आला नाही.

त्यानंतर आईचा फोन आला.

"उर्वे, तुजं सर आल्यात."

"कुठे?"

"हितं. रांगंत. टँकरच्या."

मी पहिल्या एसटीने गेले. आणि खरंच, घागरींच्या रांगेत, दोन हंड्यांच्या मधोमध जगदाळे सर उभे होते. हातात कोरी स्टीलची कळशी, त्यावर दुकानाचं लेबल तसंच. माझं घागरींचं प्रकरण त्यांनी शेवटी वाचलं असावं. लोक सावलीतून त्यांच्याकडे बघत होते.

"परवापास्नं येत्यात," आई म्हणाली. "म्या म्हणलं, सर, कळशी ठिवा नि सावलीला बसा. तर मान हलिवत्यात, न्हाई म्हणून. बोलत न्हाईत. त्येंच्या गळ्यातली बाय बोलती."

"बोलू दे. बरं चाललंय."

"काय बरं चाललंय? उन्हात हाय म्हातारा."

"आई, यानेच तुझं नाव खोडलं होतं."

"मला काय नावाचं लोणचं घालायचंय?" असं म्हणून तिने त्यांना चहा नेऊन दिला. माझी आई. मी थोड्या अंतरावर शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ऊन लागत होतं. मला सावली होती. मला वाटलं, असंच बघत राहावं.

शेवटी दमून सरांनी कळशी रांगेत ठेवली आणि ते लिंबाखाली बायकांच्यात येऊन बसले. टँकरला उशीर होता. बायका बोलत होत्या आणि बोलता बोलता मधूनच रांगेकडे नजर टाकत होत्या. सर ते बघत होते. त्यांची मान आधी बायकांकडे वळायची, मग घागरींकडे, मग परत बायकांकडे. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड उघडलं. आवाज चिरका झाला होता.

"हौसाबाई, घागर भांडत नाही म्हणून रांग शांत नाही. तुम्ही सगळ्या इथं बसून एकमेकींच्या घागरी राखताय, म्हणून शांत आहे. राखण करायला समोर बसायची सावलीच नसेल, तर वस्तू ठेवून काही उपयोग नाही. तिथं माणसं धावतीलच."

सगळे बिल्ल्याची वाट बघू लागले.

बिल्ला काही बोलला नाही.

"बंद पडली व्हय बाय?" आईने विचारलं.

सरांनी बिल्ल्यावर टिचकी मारली. पुन्हा थांबले. त्यांचे डोळे भरून आले. "हे बहुतेक माझं आहे," ते म्हणाले.

"मूळ: अनेक विद्यार्थी, तोंडी परीक्षेत," बिल्ला म्हणाला.

म्हणजे बिल्ला चालू होता. म्हणजे आधीचं वाक्य खरोखर त्यांचंच होतं.

मी भिंतीपाशी गार पडले. कारण ते बरोबर होतं. निळा ड्रम सरकायचा तो कोणी बघत नसतानाच, हे माझ्याच व्हिडिओत होतं, आणि मी त्याकडे मोजणीतली चूक म्हणून बघून हसले होते. आणि एका यात्रा समितीने माझ्या कामावरून दर्शनाच्या रांगेचा आराखडा केला होता: उघडं मैदान, नंबर धरायला लाकडी पाट, भाविकांची बसायची सोय डोंगराच्या पलीकडे. मी तिथूनच त्यांना फोन लावला आणि सांगितलं, बसायची सोय रांगेसमोर करा, सावली करा, लोकांना पाट दिसले पाहिजेत, नाहीतर आराखडा रद्द करा. समितीचे सचिव म्हणाले, करतो मॅडम, पण हे कोणाचं डोकं? मी म्हणाले, एका माणसाचं.

यात्रेचं काम झालं. प्रबंध राहिला.

नोटीस मागे घेतली गेली होती, आकडा दुरुस्त केला होता, आईचा संदर्भ पहिल्या क्रमांकावर परत आला होता. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला. "वस्तूंमुळे रांग शांत राहते, मान्य. पण का? तेवढं एक प्रकरण लिहून द्या, पदवी देऊन टाकू."

का, ते मला माहीत होतं. ते मी लिहिलं आणि आता नियमच होता म्हणून उगममध्ये घातलं. उगमने खाली छापलं: 'मूळ: जगदाळे, विलासराव (तोंडी).' मी वाक्य उलटं केलं. मूळ: जगदाळे. शब्द बदलले, उदाहरणं बदलली, शेवटी हट्टाला पेटून तेच ओवीत लिहिलं. मूळ: जगदाळे, छंद: अर्जदाराचा. ते वाक्य गाळलं तर प्रबंध खोटा होत होता. ठेवलं तर माझ्या प्रबंधात, माझ्या हाताने, त्यांचं नाव जात होतं, आणि तेही चोरीसाठी नाही, श्रेयासाठी.

मी इरफानला फोन केला. तो उठला का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, नाही, आता तो प्रकरणात येऊन बसलाय.

"एक ओळ आहे, उर्वे. आडनाव, नाव, कंसात तोंडी. तू जन्मभर लोकांना हेच सांगत आलीस ना?"

"मला हात उचलवत नाही."

"मग पदवी?"

मी फोन कानाला धरूनच बसले. त्यानेही बराच वेळ फोन ठेवला नाही, एवढं मी नोंदवून ठेवलंय.

आईला विचारलं तर ती हंडा घासत होती. "दे की त्येंचं नाव. नावच मागत्यात, पाणी तर मागत न्हाईत."

"तो मागतही नाहीये, आई. तो गप्प आहे."

"मग तुला एवढं कशानं दुखतंय?"

सरांचा बिल्ला काढायचा प्रस्ताव आलाय, कारण नियमाप्रमाणे एक स्वतंत्र वाक्य म्हणजे सुधारणा. त्यावर माझी हरकत मागवली आहे. सर अजून टँकरच्या रांगेला जातात. कळशीवरचं लेबल निघालंय. परवा व्हरांड्यात समोरून आले, थांबले, आणि त्यांनी मला हात जोडले. बिल्ला म्हणाला, "मूळ: स्पष्ट होत नाही." मी नमस्कार केला नाही. खोलीवर आले, दार लावलं आणि खालील अर्ज लिहून काढला. तो आवक-जावक विभागात दिलेला आहे.

प्रति,
मा. कुलसचिव,
माणगंगा विद्यापीठ.

विषय: येऊ घातलेल्या विचारास अग्रक्रम मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून नम्र निवेदन की, रांगेतील वस्तू राखण्यासंबंधीचे वाक्य डॉ. वि. जगदाळे यांनी उच्चारले ही बाब अर्जदारास मान्य आहे. तथापि सदर वाक्य त्यांनी उच्चारले नसते, तर ते लवकरच अर्जदाराच्या मनात आले असते. अर्जदार त्या वेळी घटनास्थळी हजर होती, घागरी तिच्या परिचयाच्या होत्या आणि प्रकाश पुरेसा होता. केवळ संपूर्ण वेळ डॉ. जगदाळे यांच्याकडे रागाने पाहत राहिल्यामुळे घागरींकडे पाहणे अर्जदाराकडून राहून गेले.

सबब विनंती करण्यात येते की, सदर वाक्य अर्जदाराच्या मनात येण्यास निघालेले होते व वाटेत अडवले गेले, असा दाखला विद्यापीठाच्या गोल शिक्क्यासह देण्यात यावा. अर्जदाराने रागात घालवलेला काळ हा संशोधनाचा काळ म्हणून धरण्यात यावा. आणि दाखला हाती पडेपर्यंत डॉ. जगदाळे यांना कोणत्याही घागरीकडे पाहण्यास मनाई करण्यात यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
उर्वी विरकर